हुड्यावरची हाळी

साताऱ्यात मी बायकांना गाडी चालवायला शिकवते. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून 'ब्रेक, ब्रेक' ओरडणं हाच माझा धंदा असल्यामुळे तेच वाक्य मला कुणी ऐकवलं तर मी ते मनावर घेत नाही. पण माझे बाळूमामा शेजारी बसले की ते नेमकं उलटं ओरडतात. "दाब की! काय बैलगाडी हाकतीयास व्हय?" ट्रॅक्टर दिसला की म्हणतात, काढ पुढं. एसटी दिसली की म्हणतात, काढ पुढं. मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, त्यालाही खूप वर्षं झाली. आता ऐंशीच्या घरात आहेत, दोन्ही गुडघे कुरकुरतात, पण घाई काही जात नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याचं वरण वाढून होईपर्यंत हे हात धुऊन आलेले असतात. मामी होती तोवर त्यांचा शर्ट मागून धरून ठेवायची. गेल्या वर्षी मामी गेली आणि तेव्हापासून ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी मामा चहाला आले आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "मंदे, मला हुडा दाखवून आण."

हुडा म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. कवठे महांकाळच्या पलीकडे, कर्नाटकाच्या अंगाला, मामांचं आणि माझ्या आईचं गाव आहे. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. चार लोक नाव वाचून फोटो काढायला जातील आणि तिथे कुरकुऱ्यांची पाकिटं टाकून येतील. ज्यांना मनापासून जायचं असेल त्यांनी कवठ्याच्या स्टँडवर 'हुड्याचं गाव कुठलं' विचारावं, कुणीही सांगेल. हुडा म्हणजे त्या गावाबाहेरचा एकटा उभा बुरूज. किल्ला नाही, तटबंदी नाही, नुसता बुरूज. आईने तो आम्हाला कधी दाखवला नव्हता. दिवाळीत बाकीच्या बायका माहेरच्या गप्पा मारायला लागल्या की ती उठून स्वयंपाकघरात जायची आणि म्हणायची, "माजं माहेर मिटलं." का मिटलं, ते तिला स्वतःलाही नीट माहीत नसावं. आता आईलाही जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे विचारणार तरी कुणाला?

मी पुढच्या रविवारी शिकवणीला सुट्टी दिली. मामा पहाटेच इस्त्रीचा शर्ट, कानटोपी आणि हातात कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन खाली उभे.

"पेढे कुणाला?" मी विचारलं.

"आसूदेत. कुणालातरी," मामा म्हणाले आणि पुडा मांडीवर घेऊन बसले.

कुंडल

कऱ्हाडपर्यंतच्या हायवेबद्दल काही लिहीत नाही. तिथे काम चालू आहे, आणि आपण सगळे म्हातारे होईपर्यंत चालू राहील असं दिसतंय. कऱ्हाड सोडून आत वळलो आणि गाडीत उसाचा वास भरला. गळिताचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये उसाच्या ट्रॉल्या, ट्रॉल्यांवर डुलणारे हिरव्या पातीचे वाढे, आणि समोरून पुन्हा ट्रॉल्या. मामांनी 'काढ पुढं' म्हणायचं शेवटी सोडून दिलं. ताकारीच्या पुढे डोंगराची एक रांग डावीकडे चालू लागली, तिच्या पायथ्याला पानं धुऊन पुसून ठेवल्यासारखी हिरवी. कृष्णेकाठचं हे हिरवेपण मला नेहमी थोडं श्रीमंतांच्या घरात गेल्यासारखं वाटतं. चप्पल कुठे काढावी कळत नाही.

कुंडलला चहाला थांबलो. कांदाभजी नुकतीच कढईतून निघाली होती, तिच्याबरोबर तळलेली मिरची मागावी लागली नाही. हॉटेलवाल्याने आपणहून विचारलं, "आजोबा फौजेतलं दिसत्यात?" कसं ओळखलं म्हटलं, तर म्हणाला, "आवं, बूट बघा की. आमच्या घरात तिघं हायत, मला न्हाई कळायचं तर कुणाला?" बूट खरोखर आरशासारखे चमकत होते. मग त्या दोघांची पलटण, पोस्टिंग, कुठली थंडी वाईट, अशी सगळी विचारपूस झाली. मामांनी नेहमीप्रमाणे उभ्याउभ्याच अर्धा चहा संपवला. पण निघताना हॉटेलवाला म्हणाला, "सुट्टीवर चाललाय जनू गावाकडं," आणि मामांचा चेहरा एकदम उतरला. गाडीत बसल्यावर पलूस मागे पडेपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. मामा गप्प बसलेले मी फार वेळा पाहिलेले नाहीत, त्यामुळे मलाच अवघडल्यासारखं झालं.

तासगावच्या पुढे उसाची जागा द्राक्षांनी घेतली. मांडवाखालून मजूर बायका डोक्याला रुमाल बांधून घड विरळत होत्या. मी गाडी हळू केली तेव्हा मामांनी आपणहून बोलायला सुरुवात केली.

"आमच्या गावात एक रीत हाय. लय दिसांनी गावात आलेल्या माणसानं आधी हुड्यावर जायचं आन् हाळी द्यायची. फौजेतला सुट्टीवर आला, मेंढरं घेऊन गेलेला परत आला, सगळ्यांनी. आईचं नाव घ्यायचं, मग आपलं. खालनं घरच्यांनी ओ दिली की मगच उतरायचं."

"आणि ओ दिली नाही तर?"

"आसं हुत न्हाई," मामा म्हणाले. "माज्या बाबतीत झालं."

पूर्वी म्हणे पेंढाऱ्यांच्या भीतीने गावाची वेस लावून घेत. बाहेरून आलेल्याला पहारेकरी हुड्यावर न्यायचे आणि हाक मारायला लावायचे. घरातून ओ आली तर माणूस आपला, नाही आली तर परका. पेंढारी गेले, वेशीचं दारही गेलं, रीत तेवढी उरली. ही गोष्ट मला इतकी आवडली की मी क्षणभर विसरले, मामा कशाबद्दल बोलत होते ते. आमच्या सोसायटीत पाहुणा आला की खालून हॉर्न वाजवतो नाहीतर मिस्ड कॉल देतो. आईचं नाव घेऊन ओरडला तर वॉचमन आधी त्यालाच बाहेर काढील.

मामा तिशीत असताना आजी वारली. मामा तेव्हा सरहद्दीवर होते. निरोप उशिरा पोचला, त्यात बर्फाने रस्ता बंद. ते गावात आले तेव्हा आजीची माती होऊन आठवडा उलटला होता. एसटीतून उतरून ते रीतीप्रमाणे सरळ हुड्यावर गेले आणि त्यांनी हाळी दिली. गाव खाली होतं, माणसं अंगणात दिसत होती. त्यांनी परत हाळी दिली. कुणीही ओ दिली नाही.

"आईला खांदा द्यायला आला न्हाई म्हणून गावानं मला टाकलं," मामा म्हणाले. "बरुबरच हाय त्येंचं. मी मागच्या अंगानं भिंतीतल्या भोकांत पाय देत उतरलो, आडरानातनं सडकंला आलो आन् मिळंल ती गाडी धरली. त्या दिसापास्नं पाय ठेवला न्हाई."

"आईला हे सांगितलं होतं?"

"कुणालाच न्हाई. तुज्या मामीलाबी न्हाई."

चाळीसएक वर्षं हा माणूस पोटात हे घेऊन सगळीकडे घाई करत फिरत होता. मला गाडी बाजूला घ्यावी लागली, कारण रस्ता नीट दिसेना.

"मग आता कशाला जायचंय?" मी विचारलं.

"एकदा वर चढायचं, हाळी द्यायची. कुणी ओ दिली तर दिली. न्हाई दिली तर न्हाई." मांडीवरचा पेढ्यांचा पुडा त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"मी देते की ओ. मी खाली उभी राहते."

"तू न्हाई चालत. तू आमच्या शेवंताची लेक, पर तुजं घर वायलं. ओ त्या गावातनं याय पायजे." मग म्हणाले, "चल, दाब आता. ऊन चढाय लागलं."

ओढा

कवठे महांकाळ मागे टाकल्यावर जमीन उघडी पडत जाते. माळ, मधूनच बाभळी, दूर टेकाडांवर पवनचक्क्या, आणि सखल जागी शाळूची पिकं. हुरड्यात आलेली कणसं वाऱ्याने एका बाजूला कलली होती. हा प्रदेश दुष्काळी म्हणून आम्ही शाळेपासून ऐकलेला, त्यामुळे मध्येच एखादी हिरवीगार द्राक्षबाग समोर आली की डोळ्यांना चूक झाल्यासारखं वाटतं. आता कॅनॉलचं पाणी आलंय.

हे पाणी आल्याचं मामांना मात्र कुणी कळवलं नव्हतं. गावाच्या अलीकडे रस्त्याला फाटा फुटला. मामा म्हणाले, "पुलाकडनं नको, लांब पडतं. हितनं ओढ्यातनं घाल. या ओढ्याला पाणी नसतंय कवा." मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. रोज वीस बायकांना 'दिसत नाही तिथे गाडी घालायची नाही' असं बजावणारी मी, लव्हाळ्यातून सरळ चिखलात शिरले आणि पुढची दोन्ही चाकं रुतवून बसले. माझ्या विद्यार्थिनींपैकी कुणी हे वाचत असेल तर वर्गात विषय काढू नये.

पलीकडच्या बांधावर एकजण पाचसात मेंढरं चारत होता. तो धोतर नव्हे, जीनची पँट दुमडून पाण्यात उतरला, गाडीभोवती एक चक्कर मारून त्याने कमरेवर हात ठेवले.

"आवं अक्का, हितनं कशाला घातली? तकडं पूल हाय की."

"मामा म्हणाले, ओढ्याला पाणी नसतं."

"कवाची गोष्ट सांगताय मामा? कॅनॉल आल्यापास्नं ह्यो उनाळ्यातबी वाहतोय."

मामांनी खिडकीबाहेर बघितलं, जसं काही पाण्याने त्यांच्याशी गद्दारी केली होती.

त्या माणसाचं नाव बिरा. पंचेचाळिशीच्या आतबाहेरचा. त्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दिवाळीनंतर मेंढरं घेऊन नदीकाठाला जायची आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतायची. आता पाणी आलं, त्याने अर्धा एकर द्राक्षं लावली, भटकणं सुटलं. "ही चार मेंढरं नुसती हौस म्हणून. न्हाईतर आई जेवत न्हाई," तो म्हणाला. चाकांखाली दगड आणि बाभळीच्या फांद्या घालून, आणखी दोघांना हाक मारून त्याने गाडी बाहेर काढली. पैसे विचारायचीही मला लाज वाटली, इतक्या सहज त्याने ते केलं.

"कुणाकडं जायचंय?" त्याने विचारलं.

"कुणाकडं न्हाई," मामा घाईने म्हणाले. "हुडा बघायचाय. बगून जायचं."

बिराने तिथूनच फोन लावला. "आये, साताऱ्याचं पाव्हणं आल्यात, हुडा बघायला. च्या टाक." मग आमच्याकडे वळून म्हणाला, "आमचं घर हुड्याच्या बुडातच हाय. आदी च्या घ्या, मग चढा."

"आदी हुडा," मामा म्हणाले.

हुडा

मला वाटलं होतं, पडकं काहीतरी असेल. पण हुडा चांगला भरभक्कम निघाला. पुरुषभर उंचीपर्यंत काळा घडीव दगड, त्याच्या वर पांढऱ्या मातीचं जाडजूड बांधकाम, पावसाने घासून गुळगुळीत झालेलं. मातीत मधूनमधून बंदुकीसाठी ठेवलेली भोकं, त्यांत आता पोपट राहतात. माथ्यावर एका बाजूला कठडा ढासळलाय. कुणी बांधला, कधी बांधला, हे सांगणारी पाटी नाही. बिरा म्हणाला पेंढाऱ्यांसाठी, मामा म्हणाले त्याच्याही आधीचा आहे. दोघांनी तेवढ्यावरून वाद घातला नाही याचंच मला नवल वाटलं.

आत शिरायचं दार इतकं बुटकं की वाकल्याशिवाय जाता येत नाही. जिना भिंतीच्या पोटातून वळत वर जातो, एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. पायऱ्या उंच, अंधार, आणि पाकोळ्यांचा वास. मामा पुढे, मी मागे. दर दोन पायऱ्यांनी ते थांबायचे, गुडघ्यावर हात दाबायचे. मी म्हटलं, "मामा, इथूनच हाळी द्या, आवाज जाईल." ते वळलेही नाहीत. मी त्यांच्या कमरेला हात लावून ढकलत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मामांना हळू जाताना पाहिलं.

वर आलो आणि वारा अंगावर आला. खाली शाळूची शेतं, बागांची हिरवी चौकटं, पवनचक्क्या, आणि बुडाशी गाव: पत्रे, कौलं, दोनचार स्लॅबची घरं, एक मोठी चिंच. मामा चिंचेच्या शेजारी बघत होते. तिथे एक रिकामी जागा होती, भिंतीच्या दगडांची नुसती रांग राहिलेली. मला विचारायची गरज पडली नाही.

त्यांनी कानटोपी काढली, दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"हिराबाईचा बाळू आलाय होऽऽऽ!"

आवाज मध्येच फाटला. त्यांनी खाकरून परत हाळी दिली. या वेळी ती नीट गेली, चिंचेवरचे कावळे उडाले.

खाली बुडाशी बिरा तोंड वर करून उभा होता, हा बाळू कोण ते त्याला उमगलेलं दिसत नव्हतं. एक ट्रॅक्टर गेला. कुत्रं भुंकलं. एका अंगणात हिरव्या लुगड्यातली म्हातारी घरातून बाहेर आली, डोळ्यांवर हात धरून वर बघत राहिली. मी मनात म्हटलं, आता देईल, आता देईल. ती वळली आणि आत निघून गेली.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "चल. झालं."

ते जिन्याकडे आले. जिन्याच्या तोंडाशी मी उभी होते.

"बाजूला हो, मंदे."

"नाही होणार."

"मंदे, तमाशा नको. चल जाऊ घरला."

"मामा, सिग्नल पडायच्या आत गाडी काढायची नाही, हे मी रोज घसा कोरडा करून सांगते. थांबा जरा."

खरं सांगायचं तर मला कशाचीही खात्री नव्हती. फक्त एवढंच कळत होतं की हा माणूस आत्ता खाली उतरला तर पुन्हा कुठेच चढणार नाही. मामा रागाने लाल झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाठ केली आणि त्यामुळे आम्ही दोघं पुन्हा गावाकडे बघायला लागलो.

म्हातारी परत बाहेर आली होती. तिच्या हातात तुरीच्या काटक्यांचा भारा होता. अंगणातल्या चुलीपुढे ती बसली, काटक्या मोडून घातल्या, वर एक गोवरी ठेवली. मग तिने फुंकणी घेतली. थोडा वेळ काहीच नाही. मग धूर निघाला, आधी बारीक, मग दाट पांढरा, आणि चिंचेच्या फांद्यांतून वर यायला लागला. मला राग आला, हिला आत्ताच काय पाणी तापवायचं सुचलं?

चुलीत जाळ दिसायला लागला तेव्हा ती उठली. पदर खोचला, एक हात कानामागे आणि एक तोंडाशी धरला. एवढ्याशा देहातून असा आवाज निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"ये रं बाळूऽऽऽ! चूल पेटलीया, येऽऽऽ!"

मामांनी ढासळलेला कठडा धरला. मग खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले आणि मीही रडले, न लाजता.

चूल

त्या म्हातारीचं नाव मायाक्का, बिराची आई. आजीच्या घराला आणि तिच्या घराला एकच भिंत होती. मामा फौजेत गेले तेव्हा ती नवी नवरी होती, आणि पुढे आजीची शेवटची दुखणी तिनेच काढली. हे सगळं मला नंतर कळलं. आम्ही अंगणात पोचलो तेव्हा ती चुलीपुढून उठली नाही. मामांना तिने जवळ बोलावलं, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि बघता बघता एक चापट मारली.

"मुडद्या, एवडी कसली रं घाई तुला?"

"वयनी..." मामांनी तिचा चापटीचा हात धरून ठेवला.

"त्या दिशी थांबला का न्हाईस?"

"कुणी ओ दिली न्हाई, वयनी. दोनदा हाळी दिली मी. समदी हुती अंगणात. गावानं टाकलं मला."

मायाक्का त्यांच्याकडे बघत राहिली. "आरं," ती हळू म्हणाली, "सुतकात कोण ओ देतं व्हय?"

मग तिने सांगितलं ते असं. ओ द्यायची म्हणजे घरात चूल पेटलेली आहे, ये, जेव, असं सांगायचं. घरात मयत झालं की चूल थंड असते. सुतक फिटेपर्यंत त्या घराच्या हाळीला सगळ्या गावात कुणीही ओ देत नाही. दिली तर गेलेल्या माणसाचा अपमान. अशा वेळी माणसं मुक्याने हुड्याच्या बुडाशी जातात आणि वरच्याला हाताला धरून घरी आणतात. मामा मिसरूड फुटायच्या आत गाव सोडून गेलेले. आजोबा मामांच्या लहानपणीच गेलेले, त्यानंतर घरात असा प्रसंग आला नव्हता. रीतीचा हा अर्धा भाग त्यांना कुणी सांगितलाच नव्हता.

"आमचं गडी मेंढरामागं गेलतं. ह्यो बिरा अंगावर पीत हुता म्हणून मी मागं ऱ्हायलेली. तुजी हाळी ऐकली आन् ह्येला कडंवर घेऊन पळाले. म्हातारी माणसंबी आली मागनं. बुडात जाऊन हुबं ऱ्हायलो समदी. तू उतरतच न्हाईस. शेवटाला गल्लीतला एक आबा वर जाऊन बघून आला, तर वर कोनबी न्हाई."

मामा मागच्या अंगाने उतरून गेले होते. गाव पुढच्या दाराशी त्यांची वाट बघत उभं होतं.

"वाटलं, आईच्या वरीसश्राद्धाला येशील तवा सांगू. आला न्हाईस. पत्ता शेवंतापाशी, ती लांब सासरला. आमी आसं मेंढरामागं, रानोमाळ." ती फुंकणी बाजूला ठेवत म्हणाली, "तवापास्नं हाळी आली की मी आदी चूल बघते. आज गॅसवर च्या ठेवलावता, चूल इझलेली. म्हटलं, थंड चुलीवर ओ न्हाई द्यायची. परत घोळ नको. तवर थांबला आसंल का पळाला आसंल, ह्येच मनात."

"मी पळत हुतो," मामा म्हणाले. "हिनं धरलं."

मायाक्काने माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "शेवंताची व्हय गं तू?" मी मान हलवली. तिने मला ओढून चुलीशेजारी बसवलं.

जेवण काय होतं ते लिहायलाच हवं. त्या चुलीवरच्या बाजरीच्या भाकऱ्या, वर तीळ लावलेल्या. कोरड्यास म्हणून पावट्याच्या शेंगा घालून वांगं. भाकरीबरोबर जे काही असेल त्याला इकडे कोरड्यासच म्हणतात. शेंगांची चटणी, तिच्यावर कच्चं तेल, बुक्कीने फोडलेला कांदा, आणि शेवटी शेळीच्या दुधाचा दाट चहा. बिरा शेतातून कणसं घेऊन आला आणि त्याच चुलीच्या निखाऱ्यावर हुरडा भाजला. कंदी पेढ्यांचा पुडा मामांनी मायाक्काच्या हातात दिला. तिने एक पेढा चिंचेशेजारच्या त्या दगडांवर नेऊन ठेवला आणि बाकीचे गल्लीत वाटले. प्रत्येकाला सांगत होती, "हिराबाईचा बाळू आलाय." दोनचार म्हातारी माणसं येऊन मामांजवळ बसली. त्यांच्यातला एक म्हणाला, "त्या दिशी मीबी हुतो रं बुडात." मामांनी त्याचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही.

आमची जेवणं झाली, हात धुऊन झाले, आणि मामा अजून पहिल्याच भाकरीवर होते. एकेक घास मोडून, चटणीत बुडवून, सावकाश खात होते. त्यांचा शर्ट कुणी धरलेला नव्हता. मामी हे बघायला हवी होती, असं मला फार वाटलं.

ऊन उतरायला लागलं तशी मी गाडीची किल्ली शोधू लागले. मायाक्का म्हणाली, "तू कवा जाणार वर?"

"मी जाऊन आले की मामांबरोबर."

"हाळी दिलीस व्हय? आईच्या माहेराला पयल्यांदा आलीस आन् मुकी आलीस?"

मी मामांकडे पाहिलं. सकाळी गाडीत त्यांनीच सांगितलं होतं, तुझं घर वेगळं म्हणून. ते काहीतरी म्हणतील असं वाटलं, पण त्यांनी नुसती मान हलवली, जा.

मी एकटीच चढले. सकाळी मामांच्या मागे तो जिना केवढा लांब वाटला होता. वर वारा पडला होता, पवनचक्क्या थांबल्या होत्या, शाळूवर पिवळं ऊन आलं होतं. हात तोंडाशी धरले आणि मला इतकं अवघडल्यासारखं झालं की हसूच आलं. चाळिशी उलटलेली बाई, साताऱ्यात चारचौघींना ओरडणारी, आणि इथे आवाज फुटेना. मग आई आठवली, दिवाळीत स्वयंपाकघरात उठून जाणारी.

"शेवंताची मंदा आलीयाऽऽऽ!"

खाली अंगणात मायाक्का काही बोलली नाही. तिने मामांच्या पाठीवर हात ठेवलेला मला दिसला. मामा चुलीकडे वाकले, आत बघितलं. एक काटकी घातली, फुंकर मारली आणि जाळ दिसेपर्यंत थांबले. मग गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठले.

"ये गं मंदेऽऽऽ! चूल पेटलीयाऽऽऽ!"